बांध राखणारा मासा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या खेड्यापाड्यांत एक भांडण हमखास उभे राहते. शेजाऱ्याचा नांगर बांधाला लागतो, वीतभर माती इकडची तिकडे होते आणि शब्दाला शब्द वाढत जातो. मग गावातील वडीलधारी मंडळी मध्ये पडतात, दोरी धरून मेर मोजली जाते आणि पेरणीच्या गडबडीत प्रकरण तात्पुरते मिटते. अशा भांडणांचा कोणालाही वीट यावा. एखादे वर्ष भांडणावाचून गेले तर गावाला बरेच वाटते. परंतु ज्या गावची जमीनच ओसाड पडली, जेथे पेरावयास बी नाही आणि कापावयास पीक नाही, तेथे बांधावरून कोण कोणाशी भांडणार? तेथील शांतता समाधानाची नव्हे, उपासमारीची असते.

हा विचार आमच्या मनात आला तो एका माशाविषयी वाचीत असता. समुद्राच्या तळाशी हा मासा आपल्या जोडीदारासह लहानसे वतन राखून असतो. त्याचा बांध त्याला ठाऊक असतो, शेजाऱ्यालाही ठाऊक असतो आणि त्यावरून त्यांची भांडणेही होतात. ही भांडणे का होतात आणि अलीकडे ती का थांबू लागली आहेत, हे आज वाचकांस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. त्याचे शास्त्रीय नाव 'कीटोडॉन ट्रायफॅसिएटस' असे आहे. फुलपाखरू मासे म्हणून प्रसिद्ध असलेल्या कुलात सुमारे १३० जाती आहेत, त्यांपैकी ही एक. लांबी फार तर १५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाहून थोडी कमीच. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे आणि बाजूने पाहिल्यास अंडाकृती. पिवळसर अंगावर निळसर जांभळ्या बारीक रेघा ओळीने आडव्या ओढलेल्या, जणू कोणी बोरू घेऊन वही आखावी तशा. डोळ्यावरून एक काळा पट्टा उभा गेलेला असतो व त्याला पिवळी किनार असते. त्यामुळे डोळा कोठे आहे हे चटकन लक्षात येत नाही. शेपटीच्या बुडाशी नारिंगी रंगाची छटा असते. अंगावरील रेघांवरून इंग्रजीत त्याला खरबुजाचे नाव मिळाले आहे. आपणही त्याला खरबूजी फुलपाखरू मासा म्हणू.

'कीटोडॉन' हा शब्द ग्रीक भाषेतून घडविलेला असून त्याचा अर्थ 'केसांसारखे दात असलेला' असा होतो. लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली हे नाव योजिले. ह्या माशाचे तोंड लहान व पुढे आलेले असते आणि आत बारीक दात ब्रशाच्या केसांप्रमाणे दाटीने उभे असतात. हे दात ध्यानात ठेवावेत, कारण त्याच्या सुखाचे आणि दुःखाचे मूळ तेथेच आहे.

ह्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कोणी केले हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. आफ्रिकेतील नायजर नदीचा शोध घेत गेलेला स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क ह्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. तोच हा गृहस्थ. आफ्रिकेस जाण्यापूर्वी, १७९३ साली, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावर वैद्याचा मदतनीस म्हणून सुमात्रा बेटावरील बेंकुलन बंदरी गेला होता. त्या किनाऱ्यावर मिळालेल्या आठ नव्या माशांची वर्णने त्याने लिहिली आणि ती १७९७ साली लंडनच्या लिनीयन सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली गेली. त्या आठांत आपला खरबूजी मासा होता. पुढे १८०६ साली नायजर नदीवरच मंगो पार्कचा अंत झाला. त्याने नदीचा ध्यास घेतला म्हणून जग त्याला ओळखते, परंतु ह्या वीतभराहून लहान माशाच्या शास्त्रीय नावापुढे आजही पार्क हेच नाव लिहिले जाते.

आता ह्या माशाचे गाव पाहू. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून इंडोनेशियातील जावा व बाली बेटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ सबंध उष्ण हिंदी महासागरात, प्रवाळांच्या वस्तीत तो राहतो. मालदीव, श्रीलंका, अंदमान ह्या ठिकाणी तो आहे आणि आपल्या देशाच्या पश्चिमेस असलेल्या लक्षद्वीप बेटांभोवतीही आहे. लाटांचा फार मारा नाही, पाणी स्वच्छ आहे आणि जिवंत प्रवाळ दाट आहे अशी जागा तो पसंत करतो. फार खोल जाणे त्याला मानवत नाही. बहुधा २० मीटरांच्या आतच त्याचा संसार असतो.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी समुद्र पाहिला नसेल. ज्यांनी पाहिला त्यांतही प्रवाळाचे रान पाहिलेले थोडेच असतील. पोवळे म्हटले की अंगठीतील लाल खडा डोळ्यांपुढे येतो. परंतु येथे सांगावयाचे प्रवाळ ते नव्हे. हे प्रवाळ म्हणजे अगणित सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. त्याचे अंग मऊ, पिशवीसारखे, आणि तोंडाभोवती बारीक बोटांचे कडे असते. तो समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याखाली घर बांधतो. त्यावर त्याची पिल्ले घर बांधतात, त्यांवर त्यांची पिल्ले. अशा रीतीने कोठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कोठे मेजासारखे सपाट पसरलेले थर, तर कोठे मोठाले वाटोळे गोळे तयार होतात. फांदीदार प्रवाळ वर्षाला १० सेंटिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक वाढतो. गोळ्यांच्या जातीचा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. ह्या हिशेबाने पुरुषभर उंचीच्या गोळ्याचा जन्म आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधीचा असतो.

ह्या पॉलिपांच्या अंगात आणखी एक भाडेकरू राहतो. एक अतिसूक्ष्म शेवाळ त्यांच्या पेशींत वस्तीस असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाला लागणाऱ्या शक्तीपैकी बहुतांश ह्या भाड्यातूनच मिळते. प्रवाळाचे रंगही बव्हंशी ह्या शेवाळाचेच. भाडेकरू गेला तर घरमालकावर उपाशी राहण्याची पाळी येते. हेही ध्यानात ठेवावे.

लक्षद्वीपची बेटे ह्याच पॉलिपांच्या कष्टांवर उभी आहेत. चार्ल्स डार्विनने १८४२ साली अशा कंकणाकृती बेटांची उपपत्ती मांडली. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या डोंगराभोवती प्रवाळाची झालर वाढते. पुढे डोंगर हळूहळू खचत पाण्याखाली जातो आणि प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वर वाढत राहतो. शेवटी डोंगर दिसेनासा होऊन केवळ प्रवाळाचे कंकण उरते. कंकणाच्या आत उथळ, शांत, हिरवट निळ्या पाण्याचे तळे असते. त्याला लगून म्हणतात. कंकणावर लाटांनी आणून टाकलेल्या प्रवाळाच्या चुऱ्याची आणि वाळूची बेटे बनतात. लक्षद्वीपमध्ये अशी ३६ बेटे गणली जात, त्यांपैकी १० वर मनुष्यवस्ती आहे आणि सर्व जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. लगून मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे माणसांच्या वाट्यापेक्षा माशांचा वाटा कितीतरी मोठा.

अशा लगूनमध्ये किंवा कंकणाच्या बाहेरच्या उतारावर खरबूजी मासा जोडीने फिरताना दिसतो. नर आणि मादी वर्षानुवर्षे एकत्र राहतात. सकाळी उजाडले की दोघे आपल्या वतनात फेरी सुरू करतात. एका प्रवाळावर थांबावे, केसांसारख्या दातांनी पॉलिपाचा बारीक तुकडा टिपावा, पुढे जावे, पुन्हा टिपावे. दिवसभर हाच उद्योग. प्रवाळाचे घर तो मोडीत नाही, केवळ वरचे मऊ अंग खुडतो. निरोगी प्रवाळ ती जखम भरून काढतो. मेंढपाळाने एकाच कुरणात मेंढ्या न बसविता त्या फिरवीत राहावे, तशीच ही चराई होय.

आणि ह्याच चराईसाठी बांध लागतो. शेजारची जोडी हद्दीवर आली की दोन्ही जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. पाठीवरचे काटे उभारले जातात, अंगे तिरपी केली जातात, कधी थोडा पाठलागही होतो. मग बहुधा ज्याचे वतन त्याचे त्याकडे राहते आणि सर्व पुन्हा आपापल्या चरण्यास लागतात. रक्तपात क्वचितच होतो. पॅसिफिक महासागरात ह्या माशाचे सख्खे भावंड आहे. पूर्वी दोघांची एकच जात मानीत, आता त्या वेगळ्या मानल्या आहेत. त्या भावंडाच्या निरीक्षणात असे आढळले की, ज्या जोड्या दीर्घकाळ टिकून असतात त्या शेजाऱ्यांपासून आपले वतन अधिक एकजुटीने राखतात आणि परिणामी त्यांना चरावयासही अधिक मिळते. संसार जुना झाला की कामाची वाटणी न सांगता होते, हे आपल्या घरांतही आपण पाहतोच.

रात्री ही जोडी प्रवाळाच्या फांद्यांत आसरा घेते. विणीच्या वेळी अंडी मोकळ्या पाण्यात सोडली जातात आणि प्रवाह ती दूर नेतो. अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या डोक्यावर हाडांच्या पातळ ढाली असतात. कित्येक आठवडे ती उघड्या समुद्रात तरंगत राहतात. त्यांतून वाचलेले एखादे पिलू शेवटी कोठल्यातरी जिवंत प्रवाळाच्या फांद्यांत उतरते, ढाली टाकते आणि तेथेच वाढू लागते. जिवंत प्रवाळ सापडलाच नाही, तर एवढा प्रवास फुकट.

येथे कोणी विचारील की, प्रवाळ नाही मिळाला तर त्याने दुसरे काही का खाऊ नये? फुलपाखरू माशांच्या काही जाती किडे, कोळंबीची पिल्ले, शेवाळ असे मिळेल ते खातात. त्यांचे भागते. खरबूजी माशाचे तसे नाही. त्याचा जवळजवळ सर्व आहार जिवंत प्रवाळाचाच. हौशी लोक त्याचे रूप पाहून त्याला काचेच्या टाकीत ठेवू पाहतात. तेथे पुढ्यात टाकलेल्या खाण्याकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही आणि हळूहळू झुरून मरतो. हा हट्ट नव्हे. त्याचे तोंड, त्याचे दात, त्याचे पोट सर्व एकाच कामासाठी घडले आहे.

आमच्या गोव्यातील वाचकांस ग्रँड आयलंड बेट ठाऊक आहे आणि मालवणास जाऊन आलेल्यांस सिंधुदुर्ग किल्ला. त्या दोन्ही ठिकाणी पाण्याखाली प्रवाळ आहेत. मालवणचा सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीरही झाला. परंतु आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या गढूळ पाणी व चिखल आणून सोडतात. प्रवाळाला स्वच्छ, खारट, प्रकाशाचे पाणी हवे असते. म्हणून येथे काटक जातींचेच प्रवाळ तग धरतात. खरबूजी मासा ज्या दाट रानात रमतो तसे रान येथे नाही. ते पाहावयास लक्षद्वीपकडेच दृष्टी वळवावी लागते.

आणि तिकडे दृष्टी वळविली की मन खिन्न होते. प्रवाळाला ऊब लागते, परंतु तिची मर्यादा फार आखूड आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल उष्णतेहून पाणी केवळ १ अंश सेल्सिअसने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पॉलिपांच्या अंगातील शेवाळ बिघडते, विषारी द्रव्ये निर्माण करू लागते आणि पॉलिप त्याला बाहेर घालवितो. भाडेकरू जाताच रंगही जातो. पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. ह्याला प्रवाळाचे विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते. न निवले तर प्रवाळ उपासाने मरतो, त्यावर निराळे शेवाळ चढते आणि कालांतराने फांद्या मोडून चुरा होतो.

लक्षद्वीपला हा फटका १९९८ साली मोठ्या प्रमाणावर बसला. पुढे २०१० साली, नंतर २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली तो बसला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपासून तेथील समुद्र नेहमीपेक्षा १ अंशाहून अधिक तापलेला होता, आणि मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे जाहीर केले. ह्या चार घटनांमधील अंतरे मोजून पाहावीत. पहिले १२ वर्षांचे, दुसरे ६ वर्षांचे, तिसरे ८ वर्षांचे. आजारातून उठलेल्या माणसाला अंगात बळ भरण्याआधीच पुन्हा ताप यावा, तसे हे आहे. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती ह्या बेटांभोवती शास्त्रज्ञांनी १९९८ पासून २४ वर्षे केलेल्या पाहणीत असे दिसले की, जिवंत प्रवाळाने व्यापलेला तळाचा भाग सुमारे ३७ टक्के होता तो २० टक्क्यांच्याही खाली आला. म्हणजे जवळजवळ निम्मे रान गेले. २०२४ चा ताप त्यानंतरचा.

आता त्या बांधावरच्या भांडणाकडे परत येऊ. २०१६ साली आशियाच्या समुद्रांत प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा काही शास्त्रज्ञ जपान, फिलिपाईन्स, इंडोनेशिया व हिंदी महासागरातील ख्रिसमस बेट येथील १७ प्रवाळखडकांवर फुलपाखरू माशांच्या वागणुकीची टिपणे ठेवीत होते. पाण्यात उतरावे, एका माशाच्या मागे राहावे, तो कोणाला भेटतो आणि भेटल्यावर भांडतो की निघून जातो हे पाटीवर लिहावे, असे हे चिकाटीचे काम. विरंजनाच्या आधीची आणि नंतरची टिपणे जुळवून पाहता ३८ जातींच्या ह्या माशांतील भांडणे सरासरीने दोन तृतीयांशांनी कमी झालेली आढळली. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला.

वरवर पाहणाऱ्यास वाटावे की, मासे शहाणे झाले. वस्तुस्थिती निराळी होती. राखण्याजोगे काही उरलेच नव्हते. पोटात पुरेसे अन्न नाही तेव्हा पाठलागात शक्ती कोण घालवील? शिवाय प्रवाळ थोडे उरले की चरण्यासाठी लांबवर भटकावे लागते आणि मग आपली हद्द कोणती व परक्याची कोणती हा प्रश्नच उरत नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवर खरबूजी माशाच्या त्या पॅसिफिकमधील भावंडाचे असेच झाले. विरंजनानंतर काही काळ माशांची संख्या तेवढीच दिसे, परंतु अंगातील साठा आटत चालला होता. मोजणाऱ्याला मासे तेवढेच दिसतात, पण आतून ते पोखरलेले असतात. मृत्यू मागाहून येतो.

ह्यात माणसांचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लक्षद्वीपची लोकसंख्या ६४ हजारांहून अधिक होती. माड आणि मासळी हे तेथील दोन आधार. कुपा मासा तेथे काठीला गळ बांधून एकेक करून धरतात. त्यासाठी आमिष म्हणून टाकावयाची बारीक जिवंत मासळी लगूनमधूनच आणावी लागते, आणि त्या मासळीच्या कित्येक जाती प्रवाळाच्याच आसऱ्याने राहतात. जमीन समुद्राहून काही मीटरच उंच. विहिरीतील गोडे पाणी म्हणजे वाळूत साठलेला पावसाचा पातळ थर, खाली आणि सभोवार खारे पाणी. समुद्राच्या लाटा प्रथम प्रवाळाच्या कंकणावर आपटून थकतात, म्हणून घरे उभी आहेत आणि विहिरी गोड आहेत. प्रवाळ मरून त्याचा चुरा झाला तर तो तट खचू लागतो. खरबूजी माशाचा बांध आणि तेथील माणसाच्या अंगणाचा बांध, दोन्ही एकाच चुन्याचे आहेत.

उपाय काय? प्रवाळ तोडून नेणे आपल्या देशात कायद्याने बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांस संरक्षण मिळाले. हे चांगलेच झाले. नांगर प्रवाळावर न टाकणे, लगूनमध्ये गाळ व सांडपाणी न सोडणे, शेवाळ चरून खडक स्वच्छ ठेवणाऱ्या मोठ्या माशांची बेसुमार धरपकड न करणे, ह्या गोष्टीही माणसाच्या हातच्या आहेत आणि त्यांमुळे तापातून उठणाऱ्या प्रवाळाला बळ मिळते. परंतु समुद्राचे तापणे कोणत्याही एका बेटाच्या हाती नाही. ते जगभरच्या कोळशाच्या व तेलाच्या धुराने घडत आहे. ज्या बेटांवरून धूर सर्वांत थोडा निघतो त्यांनाच त्याची झळ आधी लागावी, हा ह्यातील सर्वांत मोठा अन्याय होय.

तथापि रान सर्वस्वी गेलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९८ नंतर लक्षद्वीपच्या काही खडकांवर प्रवाळ पुन्हा वाढले होते. दोन तापांमध्ये पुरेशी विश्रांती मिळाली तर पॉलिप पुन्हा घरे बांधतात. दूरवरून तरंगत आलेले पिलू नव्या फांदीत उतरते, मोठे होते, जोडीदार शोधते आणि एके दिवशी शेजाऱ्यासमोर पाठीवरचे काटे उभारून उभे राहते.

शेजाऱ्यांचे भांडण व्हावे अशी इच्छा आम्ही एरवी कधी केली नसती. परंतु लक्षद्वीपच्या त्या हिरवट निळ्या पाण्याखाली खरबूजी माशांची बांधावरची कुरबूर पुन्हा जोराने सुरू झाल्याचे ऐकावयास मिळावे, असे आम्हांस मनापासून वाटते. ती कुरबूर ऐकू आली म्हणजे समजावे की शेत पिकले आहे आणि घरात अन्न आहे.